सर्वनाम की क्रियापद? मराठीतील लिंगनिर्देशाचा प्रश्न

लिंगभावाच्या चर्चेत सर्वनामांना जे मध्यवर्ती स्थान प्राप्त झाले आहे, ते प्राधान्याने इंग्रजीच्या रचनेतून आलेले आहे. इंग्रजीत क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. व्यक्तीचे लिंग उमटते ते तृतीयपुरुषी एकवचनी सर्वनामात. साहजिकच ‘ही’, ‘शी’ की ‘दे’ एवढे ठरले की व्याकरणापुरता प्रश्न बराचसा मिटतो. परंतु ‘प्रत्येकाने आपली सर्वनामे सांगावीत’ असा नियम एखाद्या संस्थेच्या मराठी माहितीपुस्तिकेत जसाच्या तसा उतरविला, तर काय होते? नियम सांगणारा ‘प्रत्येकाने’ हा शब्दच पुल्लिंगी आहे, ही विसंगती तूर्त बाजूला ठेवू. खरी अडचण अशी की मराठीत ‘मी’ आणि ‘तू’ ही सर्वनामे लिंगनिरपेक्ष आहेत. लिंग वसते ते क्रियापदात. ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हणताक्षणी बोलणाऱ्याला स्वतःचे लिंग जाहीर करावे लागते. इंग्रजीत हा निर्देश बहुधा इतरांच्या तोंडी असतो. मराठीत तो स्वतःच्याच तोंडून वदवून घेतला जातो. आत्मकथनाच्या दृष्टीने हा भेद मूलगामी आहे.

ही सक्ती भाषेच्या स्वभावातच असते असे मानण्याचे कारण नाही, हे सोलापूरसारख्या बहुभाषिक शहरात सहज ध्यानात येते. येथे मराठीबरोबरच कानडी, पद्मशाली विणकरांची तेलुगू आणि दखनी-उर्दू नित्य कानी पडतात. कानडीत ‘नानु बंदे’ आणि तेलुगूत ‘नेनु वच्चानु’ हे स्त्री व पुरुष दोघेही सारखेच म्हणतात. या दोन्ही भाषांत अनेकवचनी मानवी कर्त्यापुरता स्त्री-पुरुष भेद मावळतो: ‘अवरु बंदरु’, ‘वाळ्ळु वच्चारु’. उर्दूत ‘वो’ लिंगनिरपेक्ष, पण ‘आया’ आणि ‘आयी’ वेगळे. म्हणजे एकाच गल्लीत लिंगनिर्देशाचे चार निरनिराळे व्यूह नांदतात. शेजारच्या कोल्हापूरकडे तर मराठी बोलणाऱ्या स्त्रियाही ‘मी आलो’ म्हणतात आणि त्यामुळे त्यांच्या स्त्रीत्वाला बाध येतो असे तेथे कोणालाही वाटत नाही. प्रमाणभाषा ज्याला नियम म्हणते, तो अनेक संकेतांपैकी एक असतो.

दुसरा प्रश्न परिभाषेचा आहे. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत आणि पुढे शालेय पाठ्यपुस्तकांतही तिसऱ्या लिंगाचे नाव ‘नपुंसक’ हेच राहिले. संस्कृतातून आलेली ही संज्ञा व्यवहारात शिवी आहे. त्यामुळे स्वतःला स्त्री वा पुरुष न मानणाऱ्या व्यक्तीसाठी ‘ते’ सुचविताना आपण तिला एकाच वेळी व्याकरणिक कोटी आणि अवहेलना देऊ करतो. गंमत अशी की मराठीचा प्रत्यक्ष व्यवहार या संज्ञेला जुमानत नाही. ‘बहीणभाऊ आली’, ‘सगळी माणसे जमली’ या वाक्यांत नपुसकलिंगी अनेकवचन अभाव सुचवीत नाही; ते सर्वांना सामावून घेते. संज्ञा ‘ना स्त्री, ना पुरुष’ म्हणते, तर प्रयोग ‘दोघेही’ म्हणतो. सर्वसमावेशकतेचा शोध घेणाऱ्यांनी परकीय प्रतिमानांपूर्वी या अंतर्विरोधाकडे पाहावयास हवे.

मराठीत अशा जागा आणखीही आहेत. आदरार्थी रूपांत ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्या/ते म्हणतात’ यांपैकी केवळ प्रथमेचे सर्वनाम लिंग दाखविते. ‘तुम्ही आलात’ तेवढेही दाखवीत नाही. ‘मी जाईन’, ‘मला वाटते’, ‘मी पत्र लिहिले’ या वाक्यांत वक्त्याचे लिंग अव्यक्तच राहते. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरच्या वाटेवर वारकरी परस्परांना, स्त्री असो वा पुरुष, ‘माउली’ म्हणतात, आणि ज्ञानदेवांविषयीही ‘माउली म्हणतात’ असेच बोलतात. स्त्रीलिंगी नाम तेथे लिंगाचा नव्हे, नात्याचा निर्देश करते. अर्थात ही संबोधने समतेचा पुरावा नव्हेत. त्याच परंपरेत सोवळे-ओवळेही नांदले आहे.

तथापि लिंग अव्यक्त ठेवणाऱ्या रूपांनाच आदर्श मानले, तर नवा अन्याय संभवतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन २०१२ सालचे. त्याच्या शीर्षकात क्रियापद नाही. व्याकरणाने लिंग विचारण्यापूर्वीच ‘मी’ने आपली दोन नावे सांगून टाकली आहेत. परंतु शीर्षकापुरते जे साधते, ते आयुष्यभराच्या बोलण्यात साधत नाही. जन्मतः पुरुष ठरविल्या गेलेल्या व्यक्तीने ‘मी आले’ म्हणणे हे कित्येकदा घर, शाळा आणि बाजार यांच्याशी झगडून मिळविलेले रूप असते. समावेशाच्या नावाखाली तिला ‘आपले येणे झाले’ अशा निर्लिंग वाक्यात बसविणे म्हणजे तिने कमावलेला प्रत्यय काढून घेणे होय.

म्हणून मराठी पुस्तिकेने ‘तुमची सर्वनामे कोणती?’ असे विचारून थांबू नये. ‘तुम्ही स्वतःविषयी बोलताना गेलो म्हणता की गेले, आणि तुमच्याविषयी आम्ही काय म्हणावे?’ असा प्रश्न तिने विचारावा. जेथे उत्तर ठाऊक नाही तेथे भाषेतील सामाईक रूपे वापरावीत. जेथे उत्तर मिळाले तेथे ते पाळावे. व्याकरण बदलण्याची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. ऐकण्याची मात्र आहे.