तेरा आकड्यांचं घड्याळ

डेव्हिड ग्रिफिथ्स यांच्या 'इंट्रोडक्शन टू इलेक्ट्रोडायनॅमिक्स' या पाठ्यपुस्तकात, दुसऱ्या प्रकरणात, एक छोटं उदाहरण आहे. घड्याळाच्या बारा आकड्यांवर बारा सारखे विद्युतप्रभार ठेवले आहेत आणि मधोमध, काटे खिळलेले असतात तिथे, कसोटीचा एक प्रभार. त्याच्यावर एकूण बल किती? सहावरचा प्रभार काढला तर किती? बाराऐवजी तेरा कोपऱ्यांची सुसम बहुभुजाकृती घेतली तर? आणि त्या तेरांतला एक काढला तर? मला हे उदाहरण चार कडव्यांच्या कवितेसारखं वाटतं. त्यातलं एकही कडवं गाळता येत नाही.

पहिलं कडवं सोपं आहे. बारासमोर सहा, तीनसमोर नऊ. समोरासमोरचे प्रभार एकमेकांचा जोर फेडतात आणि उत्तर येतं शून्य. या शून्यात किती काय मावलंय, ते आकडे घातल्यावर कळतं. प्रत्येक प्रभार एक नॅनोकूलोम, धन, आणि तबकडीची त्रिज्या १० सेंटिमीटर धरू. मग एकट्या प्रभाराचं केंद्रापाशी विद्युतक्षेत्र सुमारे ९०० न्यूटन प्रति कूलोम. दिशा विसरून बारांची बेरीज केली तर १०,८००. दिशा धरून केली तर शून्य. विभवाला मात्र दिशा नसते, म्हणून ते फिटत नाही. क्षेत्र शून्य असलेल्या त्याच बिंदूवर ते सुमारे १,०८० व्होल्ट भरतं.

दुसऱ्या प्रश्नाला अकरा बाणांचे घटक काढत बसणारे विद्यार्थी असतात. थोडं थांबलं की दिसतं, पाच जोड्या अजून शाबूत आहेत, फक्त बारावरचा प्रभार एकटा पडलाय. तो केंद्रातल्या धन प्रभाराला सहाच्या दिशेने ढकलतो. उत्तर ९००, रिकाम्या जागेकडे. पण याहून सुंदर वाट आहे. प्रभार काढला असं न म्हणता त्याच जागी तेवढाच ऋण प्रभार आणून ठेवला असं म्हणायचं. पूर्ण घड्याळाचं शून्य तसंच राहतं आणि उरतं ते त्या एका ऋण प्रभाराचं क्षेत्र. पोकळीलाच प्रभार मानण्याची ही कल्पना मला दर वेळी नव्याने आवडते.

ती चालते अध्यारोपणाच्या तत्त्वामुळे. कूलोमने १७८५ मध्ये पिळाच्या तराजूवर दोन प्रभारांमधलं बल मोजलं. तिसरा आल्यावर त्या दोघांमधलं बल तेच राहील, हे त्याच्या सूत्रातून आपोआप निघत नाही. ते प्रयोगांनी सांगितलं. निसर्गाने बेरीज इतकी सरळ ठेवली, हे त्याचं औदार्यच म्हणायला हवं.

आणि मग तेरा. ही या उदाहरणातली सगळ्यात देखणी जागा. आता कुणाच्याच समोर कुणी नाही. कुठल्याही प्रभारापासून केंद्रातून रेघ ओढा, ती पलीकडे दोन प्रभारांच्या बरोबर मधून निघून जाते. जोड्या लावण्याची युक्ती इथे हातातून सुटते, आणि ती सुटावी म्हणूनच हा प्रश्न विचारलाय. उत्तर तरीही शून्यच. कारण आकृती एका कोपऱ्याएवढी, म्हणजे सुमारे २७.७ अंशांनी, फिरवली तर ती होती तशीच दिसते. केंद्रापाशी आकृतीच्या पातळीत एखादा बाण उरला असता तर तोही तेवढाच फिरला असता. पण आकृती बदललीच नाही, मग बाण तरी का बदलावा? फिरवूनही न बदलणारा बाण एकच, शून्य लांबीचा. पातळीबाहेर तर कुठलाच प्रभार ढकलत नाही. बारांच्या शून्यामागेही खरं कारण हेच होतं. जोड्यांनी ते झाकून ठेवलं होतं.

शेवटच्या प्रश्नासाठी मी नेहमी कागद घेतो. तेरा बाण शेपटीला टोक जोडत काढले की तेरा बाजूंची बंद आकृती होते. त्यातला एक पुसायचा. जी फट राहते ती बरोबर एका बाणाएवढी असते, आणि उरलेल्या साखळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत ओढलेला बाण त्याच फटीत बसतो, पुसलेल्याच्या उलट तोंड करून: ९०० न्यूटन प्रति कूलोम, रिकाम्या कोपऱ्याकडे.