काट्यांची साक्ष

2025 साली ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटीच्या 'पीपल अँड नेचर' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. लेखक दोघे: वनस्पतिशास्त्रज्ञ आशिष नेर्लेकर आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक दिग्विजय पाटील. प्रश्न परिसंस्थेचा होता. पश्चिम महाराष्ट्रातली माळरानं म्हणजे माणसाने तोडून संपवलेली जंगलं, की ती मुळापासून माळरानंच? पुरावा मात्र त्यांनी मराठी साहित्यातून गोळा केला: लोकगीतं, दैवतकथा, संतचरित्रं. साहित्य साक्षीला बोलावलंय, तर त्याची उलटतपासणीही साहित्य म्हणून व्हायला हवी.

आधी या प्रश्नावर काय अवलंबून आहे ते पाहू. सरकारच्या वेस्टलँड ॲटलासमध्ये झुडपी जमीन आणि चराऊ रानं 'पडीक' या सदरात येतात. पडीक म्हटलं की तिथे काहीही करता येतं: सोलर पॅनल, एमआयडीसी, नाहीतर वृक्षारोपण. 2019 च्या पावसाळ्यात राज्याने 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. झाड लावणं वाईट कसं असेल, असं आपल्याला वाटतं. पण माळावरच्या गवतांना भरपूर ऊन लागतं. दाट सावली झाली की ती मरतात, आणि उघड्या रानावर जगणारे धाविक, चिंकारा, माळढोक यांची जागा जाते. मधुसूदन आणि वनक यांच्या 2023 च्या नकाशानुसार देशाच्या सुमारे 10 टक्के जमिनीवर अशा खुल्या निमशुष्क परिसंस्था आहेत, आणि त्यातली 5 टक्क्यांहून कमी जमीन संरक्षित आहे.

आता पद्धत. लेखकांनी जुन्या मजकुरांतून रानवनस्पतींची नावं वेचली आणि प्रत्येक वनस्पती कुठल्या परिसंस्थेची हे तपासलं. 44 जातींपैकी 27 खास माळरानाच्या निघाल्या, जंगलाच्या फक्त 3. सर्वांत जुने उल्लेख तेराव्या शतकातले, म्हणून निष्कर्ष असा की इथली माळरानं किमान 750 वर्षं जुनी आहेत. इंग्रजांनी जंगलं तोडली आणि माळ उरले, ही आपल्या डोक्यात पक्की बसलेली गोष्ट इथे डळमळते.

साहित्याच्या वाचकाला पहिली शंका येईल ती कविसंकेताची. जुन्या काव्यातलं वन बऱ्याचदा पुस्तकातून आलेलं असतं. चंदन, कल्पतरू, कमळं यांच्या याद्या कवी आधीच्या कवींकडून उचलतो. तो ज्या गावात बसून लिहितोय तिथे चंदन असेलच असं नाही. मग बोरी-बाभळीवर तरी विश्वास का ठेवायचा?

माझं उत्तर माझ्या कामातून येतं. बग शोधताना मी युजरच्या तक्रारीपेक्षा सर्व्हरच्या लॉगवर जास्त भरवसा ठेवतो. तक्रार करणाऱ्याला काहीतरी पटवायचं असतं, लॉगला नसतं. तो भलत्याच कामासाठी लिहिलेला असतो, म्हणूनच कामाला येतो. काटेरी झाडं ही अशी लॉगमधली नोंद आहे. कान्होपात्रेच्या कथेतली तरटी घ्या. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा मंगळवेढ्याच्या या गणिकेच्या मुलीने पंढरपूरच्या देवळात प्राण सोडला आणि तिथे तरटीचं झाड उगवलं, असं परंपरा सांगते. शोभाच आणायची असती तर बकुळ किंवा पारिजातक उगवला असता. तरटी कुठल्याही काव्यशास्त्राने सुचवलेली नाही. ती आली कारण सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ती रोज दिसत होती. अलंकार म्हणून जे झाड निरुपयोगी, ते साक्षीदार म्हणून भक्कम. या मुद्द्यावर मी निबंधाच्या बाजूने आहे.

शब्दांऐवजी झाडं मोजण्याचा निर्णयही शहाणपणाचा. कारण आपले शब्द फसवे आहेत. 'जंगल' हा शब्द ज्या 'जांगल'वरून आला, तो चरकसंहितेत कोरड्या, मोकळ्या, विरळ झाडांच्या प्रदेशासाठी येतो. आज तोच शब्द दाट झाडीसाठी वापरतात. 'रान' म्हणजे अरण्यही आणि शेतही. जुन्या पोथ्यांत कुणी नुसता 'वन' सर्च केला असता, तर हवं ते उत्तर मिळालं असतं. बाभळीचा अर्थ मात्र सातशे वर्षांत बदललेला नाही.

माझी तक्रार पुढच्या पायरीवर आहे. 750 हा आकडा बातम्यांच्या मथळ्यात गेला आणि वाद वयाचा झाला: माळ जुना, म्हणून तो वाचवा. यात दोन अडचणी आहेत. एक, तेराव्या शतकात दख्खन निर्मनुष्य नव्हतं. घोडनदीकाठच्या इनामगावात तीन हजार वर्षांपूर्वीच शेती आणि गुरं होती. त्यामुळे त्या काळचा माळ माणसाचा हात न लागलेला होता, हे साहित्यावरून ठरत नाही. लेखक इतर प्रकारच्या पुराव्यांशी पडताळा घेतात तो यासाठीच, पण मथळ्यात तो उरत नाही. दुसरी अडचण मोठी. समजा, उद्या सिद्ध झालं की अमुक माळ मेंढ्यांनी आणि वणव्यांनी घडवला. मग तो पाडून टाकायला मोकळा? धाविक पक्षी दाखला बघून अंडी घालत नाही.

याचं उत्तर त्याच साहित्यात आहे, फक्त ते तक्त्यात मावत नाही. गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, खंडोबा, म्हस्कोबा हे सगळे याच रानातले देव. त्यांच्या कथांत माळ ओसाड नाही. तिथे मेंढरं चरतात, वाडे पडतात, देव प्रकट होतो, भांडणं आणि लग्नं होतात. झाडांची नावं वेचताना ही सगळी हालचाल गाळली जाते. 27 जातींची यादी सांगते की माळ होता. तो कुणाचा होता, तो कसा राखला जायचा, हे कथा सांगतात. पडीक ठरवलेल्या जमिनीवर आज मेंढपाळाला चराईबंदीची पाटी दिसते, तेव्हा हा दुसरा भाग जास्त गरजेचा आहे.

तरीही हा निबंध मराठी वाचणाऱ्याने मिळवून वाचावा. आपल्या संतचरित्रांकडे आणि ओव्यांकडे आपण भक्ती, जात, भाषा या बाजूंनी पाहत आलो. त्यात झाडांची इतकी नीट हजेरी आहे हे एका वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. पुढचं काम साहित्यवाल्यांचं आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेश इथल्या कथांत कोणती झुडपं येतात, कोणत्या ओवीत गवत राखलं जातं आणि कोणत्या ओवीत ते जाळलं जातं, हे वाचणारं कुणीतरी हवं. पुढच्या वृक्षारोपणाचे खड्डे खणण्याआधी ते झालं तर बरं.