लॉ लायब्ररीत कसं वाचायचं, हे वर्कशॉपमध्ये कोणी सांगत नाही

मी केमिस्ट्रीची. कोराडी-खापरखेड्याकडच्या राखेच्या तलावांजवळचं भूजल हा माझा विषय. मग तुझं लॉ लायब्ररीत काय काम, असं लॅबमध्येही विचारून झालं. काम साधं होतं. राखेच्या वापरावर केंद्र सरकारची १४ सप्टेंबर १९९९ ची अधिसूचना आहे, नंतर ३१ डिसेंबर २०२१ ची आली, आणि या विषयाभोवती कोर्टाचे आदेशही आहेत. सिनॉप्सिसमध्ये ‘न्यायालयाने असे म्हटले आहे’ असं लिहायचं, तर न्यायालयाने काय म्हटलं ते वाचायला हवं. मी वाचलं, पण चुकीचं वाचलं.

नागपुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात बसून मी निकालाच्या सुरुवातीचा छोटा परिच्छेद वहीत उतरवला आणि थेट अवतरणचिन्हांत टाकला. शेजारी मूट कोर्टाची तयारी करणारी एक मुलगी बसली होती. तिने वहीत डोकावून सांगितलं, “ताई, हे जज बोललेच नाहीत. ही हेडनोट आहे.”

हेडनोट म्हणजे निकालाच्या वर संपादकाने लिहिलेला सारांश. आपण विज्ञानवाले ॲबस्ट्रॅक्ट वाचून पेपर वाचल्याचा आव आणतो, तसाच हा प्रकार मला वाटला होता. पण ॲबस्ट्रॅक्ट निदान पेपर लिहिणाराच लिहितो. हेडनोट लिहिणारा वेगळा असतो. तो चुकू शकतो, काही गाळू शकतो, आणि त्याचं वाक्य कोर्टाचं म्हणून वापरता येत नाही. आरआरसीपुढे ते वाक्य गेलं असतं तर कोणी पकडलं असतं की नाही, माहीत नाही. न पकडलं जाणं मला जास्त भीतीदायक वाटतं.

हे नागपूरकराला कळू नये याची मला जरा लाजच वाटली. ऑल इंडिया रिपोर्टर, म्हणजे वकिलांच्या बोलण्यातलं एआयआर, आपल्याच शहरातलं. व्ही. व्ही. चितळे यांनी काढलेलं, काँग्रेस नगरातून चालणारं. देशभरातल्या वकिलांच्या कपाटातल्या त्या जाड खंडांची गणना १९१४ पासून होते.

आता कोर्टाचं किती आणि संपादकाचं किती, हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला आहे. एससीसी हे रिपोर्टर काढणाऱ्या ईस्टर्न बुक कंपनीने सीडीवर निकाल विकणाऱ्यांविरुद्ध दावा केला. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक, निकाल डिसेंबर २००७ चा. कोर्टाने सांगितलं की निकालाचा मूळ मजकूर कोणाच्या मालकीचा नाही, तो कोणीही छापावा. मात्र संपादकाने केलेली परिच्छेदांची विभागणी आणि त्यांना दिलेले क्रमांक, यांत त्याची स्वतःची बुद्धी लागते, त्याला संरक्षण आहे.

आपल्या कामाची गोष्ट इथेच आहे. जुन्या निकालातला ‘पॅरा १२’ हा बरेचदा कोर्टाचा नसून रिपोर्टरचा असतो. एका रिपोर्टरमधला बारावा दुसऱ्यात बारावा असेलच असं नाही. म्हणून रिपोर्टरचं नाव न लिहिता नुसता पॅरा देणं म्हणजे कुठल्या उपकरणावर घेतलं ते न सांगता रीडिंग देणं. अलीकडच्या निकालांना न्यूट्रल सायटेशन असतं, त्यामुळे हा घोळ कमी झाला. आपल्या खंडपीठाच्या निकालावर बीएचसी-एनएजी असा शिक्का दिसतो, दोन न्यायमूर्तींचा असेल तर पुढे डीबी.

फुकट साधनांबद्दल माझं मत चांगलं आहे. २००८ मध्ये सुशांत सिन्हांनी सुरू केलेलं इंडियन कानून आणि जानेवारी २०२३ पासूनचं सुप्रीम कोर्टाचं ई-एससीआर, या दोन्हींमुळे बुटीबोरीच्या खोलीत बसलेल्या मुलालाही मूळ निकाल मिळतो. पूर्वी त्यासाठी कोणाच्या तरी ओळखीने बार लायब्ररीत शिरावं लागायचं. पण ई-एससीआरच्या पीडीएफवरही वर हेडनोट आहेच. अधिकृत रिपोर्टरमधली असली तरी ती हेडनोटच.

बांधीव खंडांची अडचण वेगळी आहे. त्यांना पुढचं माहीत नसतं. एआयआर १९७६ एससी १२०७ काढून बघा. हा आणीबाणीतला एडीएम जबलपूरचा निकाल. त्यात ज्या हायकोर्टांचे निर्णय उलटवले गेले त्यांत मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठही होतं. २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एडीएम जबलपूर चुकीचा ठरवला. पण कपाटातला १९७६ चा खंड आजही तितक्याच ठामपणे बोलतो. त्या पानावर ‘रद्द’ असं छापलेलं असणं शक्यच नाही. मागे घेतलेल्या पेपरवर आता ऑनलाइन ‘रिट्रॅक्टेड’ लिहिलेलं दिसतं, जुन्या छापील अंकात ते कुठे दिसणार? तेच इथे. जुना निकाल वापरायचा तर आधी त्याचं पुढे काय झालं ते शोधायचं.

पण नुसता ऑनलाइन निकाल वाचूनही एक गोष्ट हातातून सुटते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका किशोरवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा खटला. चंद्रपूरच्या सेशन्स कोर्टाने पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये ते फिरवलं आणि सांगितलं की भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांना पुन्हा सोडलं. निकाल (१९७९) २ एससीसी १४३ वर आहे. तेवढंच वाचलं तर गोष्ट तिथेच संपते.

ती संपली नाही, कारण उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार अभ्यासकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते (१९७९) ४ एससीसीच्या जर्नल विभागात छापलेलं आहे. त्यांच्याकडे नवा पुरावा नव्हता. त्यांनी निकाल ओळीओळीने वाचला आणि संमती व शरणागती यांतला फरक कोर्टाने कुठे सोडला ते दाखवलं. पत्रामागून देशभर आंदोलन झालं, १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं तिने सांगितलं, तर संमती नव्हतीच असं कोर्टाने गृहीत धरावं, हे तेव्हा पुरावा कायद्यात कलम ११४-अ म्हणून आलं. आता ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२० मध्ये आहे.

मी ते पत्र वाचायला घेतलं ते दुपारच्या डब्याच्या वेळी, आणि डबा तसाच राहिला. निकालाच्या पानावरून या पत्राकडे नेणारी खूण नाही. तिथपर्यंत मला एका ग्रंथपाल सरांनी नेलं, “मागची पानं पण पाहत जा” एवढंच म्हणून.

आता कॅम्पसवर चालतं काय ते सांगते. ‘लीगल रिसर्च’ नावाच्या एका वर्कशॉपला मी मुद्दाम गेले होते. दोन तास लॉगिन कसं करायचं, सर्च बॉक्समध्ये ‘अँड’ आणि ‘ऑर’ कुठे टाकायचं, मग चहा, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो. एकही निकाल पडद्यावर पूर्ण उघडला नाही. लॉगिन लागतं, नाही असं नाही. पण ते दहा मिनिटांचं काम आहे बाप्पा. उरलेल्या वेळात एकच निकाल घ्यायला हवा होता: हेडनोट झाकून आधी मजकूर वाचायचा, आपण सारांश लिहायचा, मग झाकण काढून संपादकाने काय लिहिलं ते ताडून बघायचं.

मूट कोर्टाची मुलं याबाबतीत आपल्यापेक्षा पुढे आहेत, हे कबूल करायला हवं. समोरचा जज “कुठला पॅरा?” विचारतो म्हणून त्यांना मूळ मजकूर उघडावाच लागतो. आपल्याला प्री-पीएचडी कोर्सवर्कमध्ये कोणी असं उभं करत नाही.

सिनॉप्सिसमधलं ते वाक्य मी खोडलं. त्याच्या जागी आता मूळ आदेशातल्या दोन ओळी आहेत, रिपोर्टरचं नाव, वर्ष आणि पॅरासकट. त्या हेडनोटपेक्षा बऱ्याच मिळमिळीत आहेत, आणि माझा मुद्दा त्यामुळे थोडा कमजोर झाला आहे.