सांधा दाखवणारे चित्र, सांधा लपवणारे चित्र

अभिजात काव्याला समकालीन वेष चढवला की त्याचे पुनर्वाचन घडले, हे समीकरण आपल्या समीक्षेने फार सहज स्वीकारले आहे. जपानी काष्ठमुद्राचित्रांतील ‘मिताते’ ही संकल्पना ते तपासून पाहण्यास उपयुक्त ठरते.

सुझुकी हारुनोबू याची ‘झाशिकी हाक्केई’ (सुमारे १७६६) ही आठ चित्रांची मालिका घ्यावी. शियाओ-शियांग नद्यांच्या प्रदेशातील आठ दृश्ये हा चिनी काव्यचित्रपरंपरेतील प्रतिष्ठित विषय. हारुनोबू तो घराच्या दालनात आणतो. मठातील सांजघंटेच्या जागी ठोके देणारे घड्याळ येते. उतरणाऱ्या हंसांच्या रांगेच्या जागी कोतो या तंतुवाद्याच्या तिरप्या ओळीतील घोड्या. प्रेक्षकाला दोन्ही संहिता एकाच वेळी मनात धराव्या लागतात. अर्थ घंटेत नसतो, घड्याळातही नसतो; तो त्या दोहोंमधील अंतरात असतो.

आपल्याकडे राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि कालिदासाची नायिका गावोगावच्या भिंतींवर पोचली. काटा काढण्याच्या मिषाने मागे वळून पाहणारी त्यांची शकुंतला सर्वपरिचित आहे. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात हा प्रसंग दुष्यंत विदूषकाला सांगतो. न अडकलेले वल्कल ती सोडवीत होती, हा प्रेमिकाने लावलेला अन्वयार्थ आहे. चित्रात वल्कलाची साडी होते आणि सांगणारा दुष्यंत चौकटीबाहेर जातो. एका पुरुषाचा अन्वयार्थ दृश्य वस्तुस्थिती बनतो. प्रेक्षक नकळत दुष्यंताच्या जागी उभा राहतो. वेषांतरापेक्षा हे स्थानांतर अधिक मूलगामी आहे, आणि चित्र त्याची खूण मागे ठेवत नाही.

यात रविवर्मांच्या कर्तृत्वाला उणेपणा येत नाही. संस्कृत संहिता ज्यांच्यापर्यंत कधीच पोचली नसती, त्यांना शकुंतला त्यांनीच दिली. परंतु आज बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थी असो वा मुंबईतील, तो कालिदास वाचण्यापूर्वीच साडीतील शकुंतला पाहून आलेला असतो आणि तीच मूळ मानतो.

मराठीत मितातेच्या जवळ जातात ते मर्ढेकर. ‘काही कविता’ (१९४७) मध्ये संतांचा रूपबंध यंत्रयुगाच्या अनुभवाला भिडतो, आणि त्या दोहोंतील विसंगती ते झाकत नाहीत. पुनर्वाचनाचा निकष हाच असावा: परंपरा आणि वर्तमान यांचा सांधा वाचकाला दिसतो काय? जेथे तो दिसत नाही, तेथे दाखवून देणे हे समीक्षेचे काम आहे.