अंध खेळाडूंना गेममध्ये नेमकं काय हवं असतं? एका शोधनिबंधाची उलटतपासणी

संशोधनाचा विषय शोधताना अनेकांना एक कल्पना सुचते : अंधांसाठी कॉम्प्युटर गेम बनवायचा. हेतू चांगलाच असतो. पण त्यात खेळाडूला काय मिळणार असं विचारलं, की उत्तर येतं, 'पडद्यावरचं सगळं बोलून दाखवायचं.' आज या उत्तराकडे जरा नीट बघू. त्यासाठी २०२२ साली ॲसेट्स या परिषदेत आलेला एक शोधनिबंध घेऊ. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातले विष्णू नायर, ब्रायन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लिहिला आहे.

पण निबंधाकडे जाण्याआधी थोडं बुद्धिबळ, कारण या प्रश्नाचं एक जुनं आणि चोख उत्तर तिथं आहे.

अंध खेळाडूंचा पट तुम्ही पाहिला नसेल तर कल्पना करा. प्रत्येक घरात एक भोक, प्रत्येक सोंगटीखाली एक खुंटी. काळी घरं किंचित उंच, काळ्या सोंगट्यांवर बोटाला कळेल अशी खूण. आता अडचण कुठे येते बघा. बुद्धिबळात सोंगटीला हात लावला की ती खेळावीच लागते. अंध खेळाडू तर पट हातानंच बघतो! म्हणून नियमात बदल केला गेला : सोंगटी भोकातून वर उचलली तरच तिला 'हात लावला' असं धरायचं. नुसतं चाचपणं मोकळं. चाल तोंडानं जाहीर करायची, प्रतिस्पर्ध्यानं ती पुन्हा उच्चारायची. बाकी खेळ तोच, तेवढाच कठीण.

या एका नियमानं 'बघणं' आणि 'करणं' वेगळं केलं. कोणी सवलत दिली नाही, चाल सुचवली नाही. आपल्याकडे अंधांच्या बुद्धिबळाची मोठी परंपरा आहे. अखिल भारतीय अंध बुद्धिबळ महासंघ उभा करणारे मुंबईचे चारुदत्त जाधव स्वतः अंध खेळाडू, आणि 'टॉक ६४' हे बोलणारं बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर त्यांनीच तयार केलं.

आता त्रिमितीय कॉम्प्युटर गेमकडे या. डोळस खेळाडू खोलीत शिरल्या शिरल्या नजर फिरवतो : दार तिकडे, पेटी इकडे, शत्रू खांबामागे. अजून एकही बटण दाबलेलं नसतं. अंध खेळाडूला मात्र भिंत कुठे आहे हे कळायला भिंतीवर जाऊन आदळावं लागतं. म्हणजे बघण्यासाठीच चाल खर्च होते. बुद्धिबळानं सोडवलेला गुंता इथे तसाच पडून आहे.

नायर यांच्या गटानं या गुंत्याला हात घातला. त्यांनी एका गेममध्ये आसपासचं ज्ञान करून देणारे चार मार्ग ताडून पाहिले : फोनवर बोट फिरवून वाचायचा नकाशा, खोलीभर पसरत जाणारी आणि वाटेत येणाऱ्या वस्तू ऐकवणारी ध्वनिलहर, कंट्रोलरची काडी ज्या दिशेला वळवाल तिथे काय आहे ते सांगणारा शोधक, आणि वस्तूंची साधी बोलकी यादी. तीन गोष्टी हाती लागल्या. खेळाडूंना सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते 'मी कुठे आहे आणि माझं तोंड कुठे आहे' हे कळणं. चारपैकी एकही मार्ग हे नीट कळवत नाही. आणि ही साधनं आपल्या सोयीनुसार बदलता यायला हवीत, असा खेळाडूंचा आग्रह आहे.

मला या निबंधाची जमेची बाजू वाटते ती त्याच्या प्रश्नात. 'आवडलं का?' एवढंच विचारून तो थांबत नाही. आसपासच्या ज्ञानाचे तो वेगवेगळे भाग पाडतो : जागा केवढी, आकार कसा, वस्तू कोणत्या, त्यांची मांडणी कशी, मी कुठे. त्यामुळे उत्तर उपयोगी ठरतं. बोलकी यादी 'काय आहे' ते झटकन सांगते, पण खोली डोक्यात उभी करत नाही, हा फरक अशा विभागणीशिवाय दिसलाच नसता.

आता उलटतपासणी. सहभागी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच होते. अशा अभ्यासातून 'अंध खेळाडूंना अमुक हवं' असं सरसकट वाक्य काढू नका. कोणत्या प्रकारच्या गरजा असतात, एवढंच त्यातून कळतं. दुसरं, दिशाशोधकाची कल्पना याच प्रयोगशाळेच्या २०२१ च्या कामातून आलेली आहे. आपलंच साधन स्पर्धेत असेल तर वाचकानं कान टवकारायलाच हवेत. पण 'एकही मार्ग पुरत नाही' हे त्यांनी सारांशातच लिहिलं, आणि म्हणून माझा विश्वास वाढला. तिसरं, सवय. ध्वनिलहर ओळखायला कानाला सराव लागतो. यादी पहिल्या मिनिटापासून कळते. पहिल्या ओळखीतली आवड महिनाभरानंतरही तीच राहील का, हा प्रश्न समोर ठेवूनच निष्कर्ष वाचा.

'खेळ पूर्ण करता येणं' आणि 'खेळ खेळता येणं' यांतला फरकही ध्यानात घ्या. २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या गेममध्ये सुलभतेच्या साठाहून अधिक सोयी होत्या. अंध खेळाडू तो शेवटपर्यंत खेळू शकले. ही मोठीच मजल. त्यातली एक सोय अशी : बटण दाबा, पात्राचं तोंड पुढच्या वाटेकडे वळतं. वाट सापडते, पण शोधली कोणी? याच गटाच्या २०२४ च्या निबंधाचा आक्षेप नेमका हा आहे, की साधनं खेळाडूला थेट वस्तूपाशी नेतात आणि स्वतः शोधण्याचा आनंद हिरावतात. म्हणून त्यांनी खेळाडूचं काय बघून झालं आणि काय राहिलं, हे सांगणारं साधन केलं. राहिलेल्या भागात जायचं की नाही, हे खेळाडू ठरवतो. बुद्धिबळाचाच न्याय : माहिती द्या, चाल सुचवू नका.

मग रत्नागिरीत बसून आपण यात काय भर घालू शकतो? भाषा. असे बरेचसे प्रयोग इंग्रजीत होतात. आपल्याकडे दिशा सांगायची रीत वेगळी. कोकणात उतारावरची गावं. वरची वाडी, खालची वाडी, 'दर्याच्या अंगाला' असं आपण सहज बोलतो. मराठी बोलणाऱ्या अंध मुलाला गेममध्ये 'डावीकडे तीस अंश' पटकन कळेल, की 'घड्याळात दहा वाजता', की आणखी काही? हा छोटा, मोजता येण्याजोगा आणि खरोखर उपयोगाचा प्रश्न आहे.

त्यावर काम करायचं ठरवलंत तर तीन गोष्टी पाळा. डोळ्यांवर पट्टी बांधून मित्रांवर चाचणी घेऊ नका. आताच अंधारात आलेला माणूस आणि वर्षानुवर्षं कानानं जगलेला माणूस यांची बरोबरी होत नाही. आपल्या जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात घराडीला स्नेहज्योती अंध विद्यालय आहे. अशा संस्थेकडे जाल तेव्हा तयार गेम घेऊन जाण्याआधी प्रश्न घेऊन जा, आणि नैतिकता समितीची मंजुरी, पालकांची संमती आधी मिळवा. आणि मोजमाप ठरवताना 'किती जणांनी गेम संपवला' याच्या शेजारी आणखी एक रकाना आखा : किती निर्णय खेळाडूनं स्वतः घेतले?

तो रकाना कसा भरायचा, म्हणजे 'स्वतःचा निर्णय' मोजायचा कशानं, हे अवघड आहे. तुमची पद्धत काय असेल? संशोधन आराखड्याचं पहिलं पान तिथूनच सुरू करून बघा.