लोणारचें विवर व त्याच्या वयाचे दोन पाठ

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या खाऱ्या सरोवराविषयीं सामान्य वाचकांसाठीं मराठींत जें लेखन होतें, त्यांत 'बावन्न हजार वर्षांपूर्वींचें विवर' हें वर्णन वारंवार आढळतें. हा आंकडा कोणत्या साधनानें काढिला व त्यास प्रतिपक्ष आहे कीं काय, याचा उल्लेख मात्र क्वचितच असतो. भूशास्त्राचा न्याय करण्याचा आमचा अधिकार नाहीं. पण प्रमाण कसें मांडावें हें पाहण्याचा अधिकार पोथ्या चाळणारांस खचित आहे.

प्रथम निर्विवाद भाग. विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर असून भोंवतालचा काळा खडक सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा आहे. सर्वत्र लाव्हाच असल्यामुळें हें ज्वालामुखीचें मुख असावें, हा जुना तर्क अस्वाभाविक नव्हता. १९७३ सालीं फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांनीं येथील खडकांत प्रचंड आघातानें कांचरूप झालेलें फेल्डस्पार दाखविलें. तितका दाब ज्वालामुखींत उत्पन्न होत नाहीं. म्हणून विवर उल्कापाताचें ठरलें.

वयाचा प्रश्न निराळा. कागद जुना म्हणून त्यावरील लेखन तितकेंच जुनें ठरत नाहीं. येथें खडक हा कागद व विवर हें लेखन होय. लेखनाचा शक पाहिजे, तर आघाताच्या क्षणीं जें घड्याळ शून्यावर आलें तेंच वाचलें पाहिजे. आघातानें वितळून झालेल्या कांचेंत अशीं दोन घड्याळें आहेत. किरणोत्सर्गानें कणांत सांठणारी शक्ति उष्णतेनें पुसली जाते व पुढें पुन्हा सांठूं लागते. तिच्या मापनावरून १९९७ सालीं ५२,००० वर्षें, सहा हजार अधिक-उणें, हें वय निघालें. दुसरें घड्याळ पोटॅशियमपासून मंदगतीनें होणाऱ्या आर्गॉन वायूचें. त्यावरून २०११ सालीं ५,७०,००० वर्षें, सत्तेचाळीस हजार अधिक-उणें, हें वय आलें. अकरा पटींचें हें अंतर लेखकप्रमाद म्हणून सोडतां येत नाहीं.

दोन्ही साधनांस दोषाचा संभव आहे. सांठलेली शक्ति मध्यंतरीं गळाली तर वय कमी दिसतें. वितळतांना जुना आर्गॉन पुरता निघून गेला नाहीं तर वय अधिक दिसतें. दुसऱ्या पक्षानें हा संभव ध्यानीं घेऊन शिल्लक वायूचा हिशेब वजा केला आहे; म्हणून आमच्या मतें तो पाठ अधिक ग्राह्य. तथापि लोकांसाठीं लिहिणारानें दोन्ही पाठ द्यावेत, व एकास पसंती दिल्यास कारण सांगावें.

हा केवळ आंकड्यांचा वाद नव्हे. बावन्न हजारांच्या आधारावर, लवणासुराची कथा म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेल्या उल्कापाताची स्मृति, असें प्रतिपादन होऊं शकतें. पांच लक्ष सत्तर हजार वर्षें खरीं, तर सांप्रतच्या मनुष्यजातीचा त्या वेळीं मागमूस नव्हता. तिचे ज्ञात अवशेष सुमारें तीन लक्ष वर्षांपलीकडे जात नाहींत. पण पहिलें वय मान्य केलें तरी कथा साक्ष देत नाहीं. प्रचलित कथेंत आकाशांतून शिळा पडत नाहीं. दैत्य भूमीखालीं दडलेला असतो आणि दैत्यसूदन विष्णु त्याच्या बिळावरचें झांकण दूर करितो. 'लोण' हा शब्द 'लवण' शब्दाचेंच प्राकृत रूप. म्हणजे कथाकारानें पाहिलें तें खोल खड्डा आणि खारें पाणी; त्या दोहोंचा उलगडा त्यानें केला. तेवढें श्रेय त्यास पुरे आहे.

लोणारक्षेत्राच्या माहात्म्याच्या पोथ्या ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं झांकणाचा प्रसंग प्रत्येक प्रतींत आहे कीं उत्तरकालीन भर आहे, हें ताडून पाहावें आणि प्रतीचा शक नोंदवावा. कथेचें वय त्या शकांवरून ठरेल, विवराच्या कांचेवरून ठरणार नाहीं.