एकात्म संगणक प्रणाली आणि स्थानिक स्वराज्य : बर्मिंगहॅमच्या अनुभवाची चिकित्सा

एकात्म प्रशासकीय संगणक प्रणालीच्या स्वीकाराविषयी जे विवेचन सामान्यतः केले जाते, त्यात प्रणालीची किंमत, तिचा वेग आणि तिच्यामुळे साधणारी काटकसर ह्यांवरच भर असतो. लेखा, वेतन, खरेदी व सेवकवर्ग ह्यांची निरनिराळी दप्तरे एका सूत्रात ओवली म्हणजे कारभार आपोआप सुधारतो, असे त्यात गृहीत धरलेले असते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम सिटी कौन्सिलचा अनुभव ह्या गृहीताची परीक्षा करण्यास विशेष उपयुक्त आहे.

सुमारे साडेअकरा लक्ष लोकवस्तीच्या ह्या शहराचा कारभार 1999 पासून सॅप ह्या प्रणालीवर चालत असे. दोन दशकांत तीत कौन्सिलच्या सोयीनुसार अनेक फेरफार झाले होते. एप्रिल 2022 मध्ये तिच्या जागी ओरॅकल कंपनीची प्रणाली आली. आपल्या कामकाजाच्या रीती प्रणालीस अनुरूप कराव्यात, रीतींसाठी प्रणालीत बदल करू नये, असे सूत्र आरंभी स्वीकारले होते. प्रत्यक्षात मात्र ते पाळले गेले नाही. विशेषतः बँकेच्या ताळमेळाच्या कामासाठी प्रणालीत खास फेरफार करण्यात आले, आणि नेमका तोच भाग बिघडला. जमा रकमांची योग्य खाती लागेनात. संगणकाने करावयाचे काम माणसांना हाताने करावे लागले. आरंभी सुमारे दोन कोटी पौंडांचा असलेला खर्चाचा अंदाज पुढे कित्येक पटींनी वाढला.

ह्यावरून मूळ सूत्रच योग्य होते व ते मोडल्याने अनर्थ ओढवला, असा निष्कर्ष काढला जातो. तो अंशतः खरा असला तरी अपुरा आहे. कार्यालयातील प्रत्येक रीत ही निव्वळ सवय असते, असे ते सूत्र मानते. वस्तुतः स्थानिक संस्थेच्या काही रीती कायद्यातून येतात, काही सभेच्या ठरावांतून, तर काही केवळ कारकुनी सोयीतून. ह्यांपैकी पहिल्या दोन प्रकारांना धक्का लावण्याचा अधिकार प्रणाली पुरविणाऱ्यास नाही. तिसऱ्या प्रकारास कवटाळून बसण्याचे कारण कार्यालयास नाही. ही निवड यंत्रज्ञाच्या नव्हे, तर प्रशासनाच्या कक्षेतील आहे, आणि ती प्रणालीची उभारणी सुरू होण्यापूर्वी व्हावयास हवी. ती झाली नाही, म्हणजे प्रत्येक विभाग आपापली जुनी रीत नव्या यंत्रात शिरविण्याची खटपट करतो, व अखेरीस ना जुनी व्यवस्था उरते, ना नवी उभी राहते.

5 सप्टेंबर 2023 रोजी कौन्सिलने 1988 च्या स्थानिक वित्त अधिनियमातील कलम 114 खाली सूचना काढून नवा अनावश्यक खर्च थांबविला. त्या आपत्तीचे खापर संगणकावर फोडणे सोपे असले, तरी न्याय्य नाही. समान वेतनाच्या दाव्यांपोटी 65 ते 76 कोटी पौंडांचे दायित्व त्या वर्षी अंदाजिले गेले होते, व तेच प्रमुख कारण होय. तथापि हे दोन प्रश्न परस्परांपासून सर्वस्वी अलग नाहीत. ज्या वेळी आपली सांपत्तिक स्थिती अचूक जाणणे अत्यावश्यक होते, नेमक्या त्याच वेळी कौन्सिलचे हिशेब विश्वासार्ह राहिले नव्हते. ऑक्टोबर 2023 मध्ये शासनाने आयुक्त नेमले, आणि लोकांनी निवडलेल्या 101 सभासदांच्या कारभारावर बाहेरची देखरेख आली.

प्रणालीच्या अपयशाची खरी किंमत ह्यात दिसते. व्यापारी संस्थेचा जमाखर्च चुकला तर मुख्यतः तिच्या मालकांचा तोटा होतो. स्थानिक संस्थेचा चुकला तर करदात्याचा जाब विचारण्याचा आधारच नाहीसा होतो. प्रकल्पातील अडचणींचे गांभीर्य सभासदांपुढे वेळीच व स्पष्टपणे मांडले गेले नाही, ह्यावर लेखापरीक्षकांनीही पुढे बोट ठेवले. अखेरीस तीच प्रणाली, शक्य तितक्या मूळ स्वरूपात, नव्याने उभारण्याचा मार्ग कौन्सिलला पत्करावा लागला. हा निर्णय उचित असला तरी पुरेसा नाही. कोणत्या रीती सोडावयाच्या व कोणत्या का राखावयाच्या, ह्याचा निर्णय सभेने समजून उमजून घेतला नाही, तर मूळ स्वरूपातील प्रणालीही तिच्या हाती विश्वासार्ह हिशेब देऊ शकणार नाही.